म्हाताऱ्यानं म्हातारीला झाकलं

१

मंगळवार, बारा ऑगस्ट. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे. ठिकाण स्कार्वनेस, नॉर्वेच्या अगदी वरच्या किनाऱ्यावरचं सतरा घरांचं गाव. वारा वायव्येचा, मंद. आभाळ निरभ्र. पलीकडच्या बेटावर चरणाऱ्या रेनडिअरची शिंगं मोजता यावीत इतकी स्वच्छ हवा. हे सगळं चौकशीच्या अहवालात आहे, आणि त्या अहवालातली तेवढीच ओळ खरी आहे.

त्या वेळी हेर्दिस आपल्या घरामागच्या खडकावर उभी होती. खडकात एक लोखंडी खुंटी ठोकलेली आहे. दर मंगळवारी दोन दहाला त्या खुंटीवर कॅमेरा बसवायचा आणि एकच फोटो काढायचा, असा तिचा सव्वीस वर्षांचा नेम. पूर्वी दोन दहाला डाकबोट धक्का सोडायची आणि चौकट मोकळी व्हायची, म्हणून ती वेळ. डाकबोट बंद होऊन अकरा वर्षं झाली. ज्या वर्तमानपत्रासाठी ही मालिका सुरू केली त्यानं तिला बाईमाणूस थकलं म्हणून घरी बसवलं, त्यालाही सहा वर्षं झाली. नेम चालूच राहिला. फिल्म तीच, चौकट तीच: डावीकडे डोंगराची धार, तिच्या पायथ्याशी धक्का, मधोमध खाडीचं तोंड, उजवीकडे समुद्र.

धारेवर दोन वार्दे आहेत. दगडावर दगड रचून केलेल्या, माणसापेक्षा उंच खुणा, कमरेला चुन्याचा पांढरा पट्टा. खालच्याला गाव म्हातारा म्हणतं, मागच्या उंचावरच्या खुणेला म्हातारी. समुद्रावरून येताना म्हातारा सरकत सरकत म्हातारीच्या बरोबर पुढ्यात आला, ती दिसेनाशी झाली, की समजायचं आपण खाडीच्या तोंडाशी आहोत. तिथं वळायचं. त्याआधी वळलात तर वासरू आहेच. वासरू म्हणजे पाण्याखालचा खडक. भरतीला त्याच्यावर हातभर पाणी असतं आणि त्यानं आजवर कुणाला माफ केलेलं नाही.

हेर्दिसनं कळ दाबली. चौकटीत तिच्या धाकट्या भावाची, ओदवारची निळी बोट येत होती. मग हेर्दिस घरात गेली. स्वयंपाकघरातला वायरलेस खरखरला.

"ताई, आहेस का?"

"नाही. मेले."

"बरं झालं. म्हाताऱ्यानं म्हातारीला झाकलं. वळतोय. कॉफी टाक."

तिनं कॉफी टाकली. पाणी उकळायच्या आत वायरलेसमधून एक आवाज आला. ठक. दगडावर दगड ठेवावा तसा, एकदाच. बोट फुटल्याचा आवाज त्याच्यानंतर आला. हा क्रम हेर्दिसनं चौकशीत तीनदा सांगितला. तीनदाही तो लिहून घेतला गेला नाही.

२

ओदवारला तोरलाइफनं पाण्यातून काढलं. तोरलाइफ एकाहत्तर वर्षांचा, शेजारच्या घरातला, अर्धा तास मागून येत होता; धक्क्याला त्या वेळी दुसरी बोट नव्हती. थंडगार पाण्यात अर्धा तास म्हणजे फार झाला.

चौकशी कचेरीचा अधिकारी शहरातून आला. एस्किल त्याचं नाव. पस्तिशीचा, स्वच्छ बुटांचा, वाईट माणूस नव्हे. हेर्दिसच्या टेबलाशी बसून त्यानं वॉफल खाल्लं, वर तपकिरी चीज मागून घेतलं आणि म्हणाला, "बोटीतला नकाशाचा पडदा चालू होता. त्यात वासरू स्पष्ट दिसतं. तुमच्या भावानं तो बघितला का नाही, हा प्रश्न आहे."

"तुम्ही घरी स्वयंपाकघरात जाताना नकाशा बघता?"

"तसं नाही, पण—"

"तो चाळीस वर्षं याच दारातून आत येतोय. दोन वार्दे एकाआड एक आले, म्हणून वळला. मी कानांनी ऐकलं."

"पण जिथं तो वळला तिथून ते एकाआड एक येतच नाहीत. मी स्वतः जाऊन पाहिलं. पावणेदोनशे मीटर आधी वळला तो." एस्किलनं आवाज मऊ केला. "दमलेला असेल. फोनमध्ये बघत असेल."

आठवडाभरानं अहवालाचा मसुदा आला. अपघाताचे कारण: चालकाचे दुर्लक्ष. आक्षेप असल्यास एक ऑक्टोबरपर्यंत पुराव्यासह नोंदवावा.

दुर्लक्ष. ज्या माणसानं आईच्या दुखण्यात रोज तिच्या नाडीची नोंद ठेवली, जो जाळ्यात अडकलेलं बदक सोडवायला तासभर हात गारठवून घ्यायचा, त्याच्या नावापुढे सरकारी शाईत कायमचं दुर्लक्ष. समुद्रावरच्या माणसाला याहून मोठी शिवी नाही. हेर्दिसनं तो कागद चारदा वाचला, घडी घातली आणि स्टोव्हवर ठेवलेल्या हाताला चटका बसेपर्यंत तिथंच उभी राहिली. मग बारा तारखेची फिल्म धुवायला घेतली.

३

घराला लागून मासे खारवायची जुनी खोली आहे. मिठाचा वास अजून फळ्यांतून जात नाही. तिथं हेर्दिसची अंधारी खोली आणि एका भिंतीवर सव्वीस वर्षांचे मंगळवार, ओळीनं टाचलेले. खाली किनाऱ्यावर लाट ओसरते तेव्हा गोटे एकमेकांवर घरंगळतात. तो आवाज तिला श्वासासारखा सवयीचा.

बारा ऑगस्टचा फोटो रसायनात उमटू लागला तेव्हा तिची नजर आधी पक्ष्यांवर गेली. जन्मभर पक्ष्यांच्याच मागे काढलेली बाई. बोटीकडे बघवतही नव्हतं.

एडर बदकांचा थवा वासरावर नव्हता.

एडर बदक शिंपले खातं. शिंपले खडकावर. म्हणून भरतीला वासरू दिसत नसलं तरी त्याच्यावर ऐंशी-नव्वद बदकं बुड्या मारत असतात. भिंतीवरच्या भरतीच्या प्रत्येक मंगळवारी तिथं काळे-पांढरे ठिपके आहेत. या फोटोत तिथलं पाणी रिकामं होतं. थवा तिच्याच घराखाली, किनाऱ्याला चिकटून, दाटीवाटीनं. एकही बुडी मारत नव्हतं. आणि वारा वायव्येचा असताना सगळ्यांची तोंडं आग्नेयेला. पाखरू वाऱ्याकडे पाठ करून बसत नाही. पिसं उलटतात, गारठून मरेल. ही सगळी बसली होती.

ती कुठं बघतायत, म्हणून हेर्दिसनं भिंग डावीकडे सरकवलं. डोंगराची धार. म्हातारा. मागे म्हातारी. आणि म्हाताऱ्याच्या अलीकडे, ऐंशी पावलांवर, तिसरा. तेवढाच उंच. कमरेला चुन्याचा पट्टा.

किनाऱ्यावरचे गोटे घरंगळायचे थांबले. निदान तिला तसं वाटलं. मग पुन्हा लाट आली आणि तिनं स्वतःला बजावलं: भरतीची वेळ फिरली असेल, पाणी क्षणभर थबकतंच.

सबंध दुपार तिनं भिंत तपासली. साडेतेराशे मंगळवार. सगळीकडे दोन.

पहिला विचार पर्यटकांचा. उन्हाळ्यात गाड्या भरभरून माणसं येतात, दिसेल त्या डोंगरावर दगडांचे ढिगारे करतात, आपला फोटो काढतात आणि चालू पडतात. कोळ्यांच्या खुणांशी खेळू नका अशी पाटी खाली लावली आहे; त्या पाटीशेजारीही त्यांनी ढिगारे केलेत. पण ते ढिगारे गुडघ्याइतके. चुन्याची बादली घेऊन डोंगर चढणारा पर्यटक अजून जन्मायचा आहे.

संध्याकाळी तिनं तोरलाइफला बोलावलं. त्यानं भिंग डोळ्याला लावलं आणि धारेवरून दोनदा फिरवलं.

"म्हाताऱ्यानं दुसरी केलेली दिसते," तो म्हणाला.

"तोरलाइफ."

"थट्टा करतोय, पोरी. नाहीतर काय करू?" अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला पोरी म्हणणारा गावात तेवढा एकच उरला होता. "मी त्या दिवशी मागूनच येत होतो. मला दोनच दिसले."

"कुठले दोन?"

तोरलाइफनं भिंग खाली ठेवलं. हा प्रश्न त्याच्या डोक्यात कधी आलाच नव्हता. दोन म्हणजे दोन. जन्मापासून दोनच.

"जमिनीवरून तीन दिसतात," हेर्दिस म्हणाली, "समुद्रावरून दोन. म्हणजे समुद्रावरून एक झाकलेला असतो. ओदवारला म्हातारीच्या पुढ्यात दिसला तो कुठला म्हातारा?"

४

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धारेवर चढली. खालचा म्हातारा पाण्यापासून नव्वद मीटरांवर. वीस मिनिटांचा चढ. ठेंगणी बर्च पिवळी पडू लागली होती. वरती समुद्रगरुडाची जोडी नेहमी बसायची ती जागा मोकळी होती. असेल. गरुड काय नोकरीला नाहीत.

म्हाताऱ्यापासून तिनं ऐंशी पावलं मोजली. तिथं काहीच नव्हतं. रेनडिअर खातात ते पांढरं शेवाळ, टाचेएवढंही न चिरडलेलं. या शेवाळावरून एकदा माणूस चालला तर पुढची तीस वर्षं पाऊल दिसतं. इथं चार-पाच टन दगडांचा वार्दे उभा होता आणि शेवाळाला पत्ता नव्हता.

म्हणजे भिंगाचा दोष. फिल्मचा दोष. दोनदा पडलेला प्रकाश. बत्तीस वर्षं हा धंदा केल्यावर फोटोत काय काय चुकतं त्याची यादी तिला पाठ होती आणि परत फिरताना ती यादी ती मोठ्यानं म्हणत होती. म्हाताऱ्यापाशी आली तेव्हा यादी संपली.

म्हाताऱ्याच्या डोक्यावर एक दगड जास्तीचा होता.

ओला. काळा. त्याला शिंपले चिकटलेले. मेलेल्या शिंपल्याचं तोंड उघडं पडतं. हे घट्ट मिटलेले होते. नव्वद मीटर वर, पाऊस नसताना, समुद्राचं पाणी दगडावरून ओघळून चुन्याच्या पट्ट्यावर उतरत होतं.

पळून जावं असं तिला वाटलं नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. पण भीतीच्या वर दुसरंच काहीतरी चढत आलं. हा आमचा म्हातारा आहे. हा माझ्या पणज्यानं आणि तोरलाइफच्या पणज्यानं रचला. याच्या डोक्यावर तू दगड ठेवणार? तिनं तो दगड दोन्ही हातांनी उचलला, कड्यापर्यंत नेला आणि खाली भिरकावला.

"घे तुझा तुला!"

खाली खडक होते. ती वाट बघत राहिली. दगड पडल्याचा आवाज आलाच नाही.

ती उतरू लागली. शंभरेक पावलं गेल्यावर पाठीमागून आला. ठक. ती वळली नाही. वळायची नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि ठरवल्यावर आपण वळत नाही याचा तिला त्या क्षणी फार आधार वाटला.

५

"फोटोत हल्ली काहीही घालता येतं," एस्किल फोनवर म्हणाला.

"ही फिल्म आहे. निगेटिव्ह पाठवलंय. नखानं खरवडून बघा."

दोन दिवसांनी त्याचा पुन्हा फोन आला. "निगेटिव्ह अस्सल आहे. आमच्या माणसानं पाहिलं."

"मग?"

"मग त्यात तिसरा दिसतो तो पर्यटकांनी केला असेल. नंतर पडला."

"शेवाळ न मोडता पडला? चुना लावून पडला?"

"हे बघा, हेर्दिस. मी तुमच्या बाजूचा आहे. पण मी अहवालात काय लिहू? एक खूण आपोआप आली आणि गेली? मला वेड्यात काढतील."

"म्हणून माझ्या भावाला काढताय."

तिकडून उसासा आला. "त्या फोटोत मोजमाप नाही. ऐंशी पावलं तुम्ही म्हणता. तुमचा खरा म्हातारा कुठला आणि तो दुसरा कुठला, हे कशावरून ठरवायचं? दोन्ही सारखे दिसतात."

त्याला कळलंही नाही, पण एस्किल पहिल्यांदाच मुद्द्याचं बोलला होता. दोन्ही सारखे दिसतात. तेच तर. हेर्दिसनं फोन ठेवला आणि दारामागे टांगलेलं आपलं लाल जाकीट काढलं.

६

"म्हणजे मी तुला चाऱ्यासारखा हवाय," तोरलाइफ म्हणाला. त्याच्या स्वयंपाकघरात सुक्या माशाचा वास होता. तो चाकूनं सुका मासा सोलून तुकडे तोंडात टाकत होता.

"तू नाहीतरी मंगळवारी येतोसच."

"येतो. पण हल्ली धारेकडे बघत नाही, लांबून वळसा घालून येतो. गावातले सगळेच तसं करतात, बोलत कुणी नाही." त्यानं तुकडा तिच्याकडे सरकवला. "सांग पुन्हा. हळूहळू. माझं डोकं म्हातारं आहे."

"मी लाल जाकीट घालून खऱ्या म्हाताऱ्याच्या शेजारी उभी राहते. खुंटीवरचा कॅमेरा घड्याळाला लावते; दोनपासून दर मिनिटाला एक, छत्तीस फोटो. ज्याच्याशेजारी लाल, तो खरा. दुसरा आला तर तो उघडा पडेल. आणि त्याच चौकटीत तू येत असशील. आता बोल म्हणावं त्या एस्किलला, कुठला कुठला."

"आणि मी कुठल्या खुणेवर वळायचं?"

"लाल असेल त्या."

"घरी यायला मला कधी बाई उभी करावी लागली नव्हती."

"बोटीत तो पडदा बसवला असतास तर लागली नसती."

"घरी यायला टीव्ही लागत नाही मला." तोरलाइफनं चाकू मिटला. मग थट्टा सोडून म्हणाला, "मी त्याला काढला तेव्हा त्याचे डोळे उघडे होते, हेर्दिस. धारेकडे. दुर्लक्ष करणाऱ्या माणसाचे डोळे नव्हते ते. मी येतो."

७

तेवीस सप्टेंबर, मंगळवार. भरती. स्वच्छ ऊन, हवेत बर्फाचा पहिला वास.

दोनला पाच कमी असताना हेर्दिस म्हाताऱ्याला पाठ लावून उभी राहिली. गळ्यात लांब भिंगाचा कॅमेरा, डाव्या हातात छोटा वायरलेस. दगड पाठीला कोमट लागत होते. उन्हानं, ती म्हणाली. मोठ्यानंच म्हणाली.

खाली वासरावर एडर बदकं बुड्या मारत होती. नव्वद तरी. हे पाहून तिला बरं वाटलं.

दोन दहा. तोरलाइफची बोट टोकाआडून बाहेर आली. वायरलेस खरखरला.

"दिसतेयस, पोरी. लाल मिरचीसारखी."

"वार्दे किती?"

"दोन. एकाशेजारी तू. येतोय."

तिनं धारेवरून नजर फिरवली. ऐंशी पावलांवरची जागा मोकळी. पांढरं शेवाळ, ऊन, काही नाही. मिनिट गेलं. पाठीला टेकलेले दगड कोमट होते.

"हेर्दिस." तोरलाइफचा आवाज बदलला होता. "आता तीन दिसतायत."

"बरं. लाल कुठं आहे?"

वायरलेसमधून इंजिनाची टकटक.

"तोरलाइफ, लाल कुठल्या शेजारी आहे?"

"दोन आहेत."

"काय दोन?"

"लाल. लाल दोन आहेत. एकाच्या शेजारी एक, दुसऱ्याच्या शेजारी... तू हात वर कर. उजवा. म्हणजे कळेल मला."

तिनं उजवा हात वर केला. शक्य तितका उंच. वाऱ्यात बाही फडफडली.

वायरलेस पुन्हा खरखरला.

"दोघींनी केला," तो म्हणाला.

हेर्दिसनं हात खाली घेतला नाही. डाव्या हातातला वायरलेस खिशात टाकला, त्याच हातानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि ऐंशी पावलांवरच्या मोकळ्या जागेकडे फिरवला.

भिंगात ती जागा मोकळी नव्हती. तिला दिसलं ते निमिषभर. दगडांवर दगड, ओले. लाल काहीतरी, पण कापडासारखं नव्हे, सोललेल्या कातडीसारखं. आणि त्याच्या एका बाजूला, माणसाचा वर केलेला हात जितका उंच जाईल तितक्या उंचीवर, एक दगड. खाली आधार नाही. हवेत धरलेला. तिचा हात थरथरत होता तसाच तो दगड थरथरत होता.

तिचा उजवा हात आपोआप खाली आला.

ठक.

तिनं कॅमेरा डोळ्यापासून दूर केला. पांढरं शेवाळ. ऊन.

खिशातून तोरलाइफ ओरडत होता. "कुठली? सांग लवकर! ह्या दोघींतली कुठली माझी?"

मी इथं, असं ओरडावंसं तिला वाटलं. पण इथं म्हणजे कुठं? जी ओरडेल तीच खरी, हे आता कशावरून? हेर्दिसनं बत्तीस वर्षांत फोटोच्या खालची एक ओळही अंदाजानं लिहिली नव्हती. तिनं वायरलेस तोंडाशी धरला.

"इंजिन बंद कर. धारेकडे बघू नकोस. माझ्याकडेसुद्धा नाही. पाण्याकडे बघ. एडर दिसतात?"

"दिसतात. डाव्या अंगाला."

"त्यांच्याखाली वासरू आहे. ती डावीकडेच ठेव, दोन बोटींचं अंतर राख, आणि पुढे ये. सावकाश."

"बदकांवर भरवसा?"

"त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. ती खोटं बोलत नाहीत."

इंजिन पुन्हा टकटकू लागलं. खाली थव्याच्या कडेचं एक बदक बुडी मारायचं थांबलं. मान वर काढली आणि धारेकडे तोंड केलं. मग शेजारचं. मग आणखी चार.

"तोरलाइफ, जरा पाय उचल."

"सावकाश म्हणालीस!"

"आता भरभर म्हणतेय!"

अर्धा थवा धारेकडे बघत होता. तिच्याकडे की त्याच्याकडे, ते ठरवायचं नाही असं तिनं ठरवलं. पाण्यावर पंख फडफडले, थवा उठू लागला, किनाऱ्याकडे, एकामागून एक. शेवटची दहा-बारा उरली होती तेव्हा तोरलाइफची बोट त्यांना ओलांडून खाडीच्या तोंडात शिरली.

हेर्दिस म्हाताऱ्याकडे वळली. त्याच्या डोक्यावर ओला काळा दगड होता. शिंपल्यांसकट.

"तू एकाला नेलंस," ती त्याच्याकडे नव्हे, ऐंशी पावलांकडे बघून म्हणाली. "हा नाही मिळाला. पुढच्या मंगळवारी मी आहेच." मग ती उतरली. पळाली नाही. धक्क्यावर पोचेपर्यंत पाठीमागून काहीही ऐकू आलं नाही, आणि तेच चालायला सगळ्यात जड गेलं.

तोरलाइफनं धक्क्याजवळून दोर फेकला. तिनं तो हवेत झेलला.

"कॉफी आहे का?" तो म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"टाकते," ती म्हणाली.

८

छत्तीसच्या छत्तीस निगेटिव्ह तिनं मुदतीच्या आत पाठवली. सोबत तोरलाइफचा जबाब, सहीनिशी. तीन ऑक्टोबरला कचेरीचं पत्र आलं. एस्किलची सही होती, पण भाषा कचेरीची.

'आपण पाठवलेली छायाचित्रे अस्सल असल्याचे आढळले. चौकट क्रमांक तेरा ते सतरा यांत तीन दगडी खुणा व लाल कपड्यांतील दोन व्यक्ती दिसतात. आपल्या निवेदनानुसार त्यांपैकी एक आपण स्वतः आहात. कृपया दुसऱ्या व्यक्तीचे नाव व पत्ता कळवावा, म्हणजे तिची साक्ष नोंदवता येईल. तोपर्यंत अहवालातील निष्कर्ष कायम राहील.'

हेर्दिसनं त्याच पत्राच्या पाठीवर उत्तर लिहिलं. 'तिला शोधणं हे तुमचं काम. ती तिथं आहे हे तुम्हीच मान्य केलंत. आता माझ्या भावाच्या नावापुढचा शब्द खोडा. आणि सतरावर थांबू नका. छत्तिसावी चौकट बघा.'

छत्तिसावी चौकट दोन पस्तीसची आहे. खाडीच्या तोंडात पाणी रिकामं. धक्क्याला तोरलाइफची बोट लागते आहे आणि धक्क्यावर हेर्दिस आहे. दोर झेलायला तिनं उजवा हात डोक्यावर नेलेला आहे. वर धारेवर वार्दे दोन. खालच्या वार्द्याच्या शेजारी लाल जाकिटातली एक बाई उभी आहे. तिचाही उजवा हात वर आहे.

कचेरीचं उत्तर अजून आलेलं नाही.